आठ क्यू आहेत, तरी सगळे इंटरप्ट एकाच सीपीयूवर का येतात?

प्रश्न थोडक्यात असा (इंटरप्ट म्हणजे 'काम आलंय' अशी डिव्हाइसने सीपीयूला मारलेली हाक). केव्हीएमवर (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) ८ व्हीसीपीयूंचं, म्हणजे आभासी सीपीयूंचं, व्हर्च्युअल मशीन (गेस्ट) आहे, त्यात व्हर्टआयओ-नेट हे आभासी नेटवर्क कार्ड. मशीन उभं करणाऱ्या क्यूएमू या प्रोग्रामची कमांड हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टमधून चालते. टॅपला (होस्टवरचं, म्हणजे मूळ यंत्रावरचं, आभासी नेटवर्क टोक) ८ क्यू (पॅकेटांच्या रांगा) दिल्या, मल्टिक्यू (एका कार्डाला अनेक क्यू) चालू केलं, गेस्टमध्ये ईथटूलही (कार्डाची सेटिंग दाखवणारं-बदलणारं साधन) ८ दाखवतं. तरी ट्रॅफिक वाढलं की एक सीपीयू सॉफ्ट-आयआरक्यूमध्ये (इंटरप्टनंतरचं उरलेलं काम कर्नल जिथे करतो ती पायरी) शंभर टक्के आणि बाकीचे सात निवांत. अ‍ॅफिनिटी (कोणता इंटरप्ट कोणत्या सीपीयूवर जाईल ही नेमणूक) बदलली तर भार वाटला जात नाही, फक्त तापणारा सीपीयू बदलतो. याला जोडून दुसरा प्रश्न: असा ड्रायव्हर स्वतः लिहायचा झाला तर आरएक्स (येणाऱ्या पॅकेटांची क्यू) आणि टीएक्सला (जाणाऱ्यांची) वेगळे इंटरप्ट द्यावेत की जोडीला मिळून एक?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा तुमच्या /प्रॉक/इंटरप्ट्समध्येच पडलेलं आहे. ती फाइल उघडा आणि आकडे बाजूला ठेवून आधी उजवीकडची नावं वाचा. सगळं ठीक असेल तर व्हर्टआयओ०-कॉन्फिग अशी एक ओळ दिसते, मग व्हर्टआयओ०-इनपुट.०, व्हर्टआयओ०-आउटपुट.०, व्हर्टआयओ०-इनपुट.१ असं करत आउटपुट.७ पर्यंत. तुमच्याकडे माझ्या अंदाजाने दोनच ओळी असतील:

२४: व्हर्टआयओ०-कॉन्फिग
२५: व्हर्टआयओ०-व्हर्टक्यूज

दुसऱ्या ओळीतलं ते अनेकवचन म्हणजे तुमचं निदान. सोळाच्या सोळा क्यू एकाच व्हेक्टरवर (इंटरप्टचा क्रमांक) बसल्या आहेत. खात्री करायची तर एलएसपीसीआय (पीसीआय कार्डांची यादी देणारी कमांड) दोन व्ही लावून चालवा आणि त्या कार्डाखाली एमएसआय-एक्सच्या (डिव्हाइसला अनेक व्हेक्टर देणारी पद्धत) ओळीत 'काउंट' किती आहे ते पाहा. तिथे ३ असेल तर शोध संपला.

हे ३ कुठून आले? व्हर्टआयओ-नेटमध्ये पूर्वी एकच जोडी असायची: आरएक्सला एक, टीएक्सला एक, कॉन्फिगरेशन बदलल्याचं कळवायला एक. म्हणून क्यूएमूने या कार्डाला मुळातच ३ व्हेक्टर ठरवले होते आणि त्या काळी ते बरोबरच होतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये लिनक्स ३.८ आणि क्यूएमू १.४ यांच्याबरोबर मल्टिक्यू आलं. क्यू वाढवायची सोय झाली, पण व्हेक्टर वेगळ्या पॅरामीटरने वाढवावे लागत. जोड्या एन असतील तर व्हेक्टर दोन एन अधिक २, असा हिशेब सांगितला जाई. ८ जोड्यांना १८. लिबव्हर्ट (क्यूएमूची कमांड आपोआप तयार करणारं साधन) हा हिशेब स्वतः करतं, त्यामुळे तिथून मशीन चालवणाऱ्यांना हा आकडा कधी दिसतही नाही. हाताने स्क्रिप्ट लिहिणारा 'क्यूज=८' लिहितो, 'मल्टिक्यू ऑन' लिहितो आणि 'व्हेक्टर्स=१८' विसरतो. अलीकडचं क्यूएमू व्हेक्टर आपोआप मोजतं, पण त्यातही एक मेख आहे: मशीन टाइप (क्यूएमूने कोणत्या आवृत्तीचं मशीन दाखवायचं ती निवड) ५.२ किंवा त्याआधीचा धरून ठेवला असेल तर सुसंगतता राखायची म्हणून जुने ३ च मिळतात. बायनरी नवी आहे एवढ्यावर विसंबू नका, मशीन टाइप तपासा.

हिशेब पाहिलात तर गेस्टला खरं म्हणजे १७ पुरतात: ८ आरएक्स, ८ टीएक्स, १ कॉन्फिग. अठरावा कंट्रोल क्यूसाठी (कार्डाला आज्ञा देण्याची क्यू) ठेवलेला असतो. लिनक्सचा ड्रायव्हर कंट्रोल क्यूला कॉलबॅकच (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) लावत नाही. आज्ञा टाकतो आणि उत्तर येईपर्यंत तिथेच वाट पाहतो, म्हणून तिला व्हेक्टर लागत नाही. तरी १८ द्या, कारण गेस्टमध्ये कायम लिनक्सच असेल असं नाही.

आता व्हेक्टर कमी पडले की ड्रायव्हर नेमकं काय करतो ते पाहू. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातूनच निघतं. व्हर्टआयओच्या पीसीआय थरात इंटरप्ट मागायच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी प्रत्येक कॉलबॅकवाल्या क्यूला एक आणि कॉन्फिगला एक, असे सगळे मागून पाहायचे. एकही कमी पडला तर ती मागणी पूर्ण सोडून द्यायची आणि फक्त दोन मागायचे: एक कॉन्फिगला, एक सगळ्या क्यूंना मिळून. तेही नाही जमलं तर जुना, पिनवरचा एकच इंटरप्ट. (अगदी नव्या कर्नलमध्ये मधे आणखी एक पायरी आली आहे, संथ कामाच्या क्यूंना कॉन्फिगबरोबर बसवण्याची. तुमच्या केसमध्ये तिचा उपयोग नाही.) म्हणजे १७ हवे असताना १६ मिळाले तर १५ क्यूंना स्वतंत्र आणि उरलेल्यांना सामाईक अशी तडजोड होत नाही. थेट २ वर घसरगुंडी. आणि हे सगळं मुकाट्याने होतं: कार्ड चालतं, पिंग जातो, ईथटूल ८ क्यू दाखवतच राहतं. बोंब ठोकायला कोणी नाही.

एका व्हेक्टरवर सोळा क्यू आल्या की काय होतं? आठ बिऱ्हाडांच्या वाड्याला दारावर एकच बेल असावी तसं. ती वाजली की आलेला माणूस कोणाकडचा हे बेलवरून कळत नाही, प्रत्येकाने डोकवायचं. इंटरप्ट हँडलर लॉक घेतो, क्यूंची यादी एकेक करून फिरतो आणि कोणाच्या रिंगमध्ये (क्यूची मेमरीतली जागा) काही संपवलेलं काम पडलं आहे का ते बघतो. पण खरा मार इथे नाही, यादी फिरायला फार वेळ लागत नाही. खरा मार नॅपीचा (इंटरप्टनंतर क्यूतली पॅकेटं एकदम उपसून घेण्याची कर्नलची पद्धत) आहे. ज्या सीपीयूवर इंटरप्ट आला त्याच सीपीयूवर नॅपीचं पोलिंग लागतं. व्हेक्टर एक, त्याचा सीपीयू एक, म्हणून आठही आरएक्स क्यूंची नॅपी त्या एकाच सीपीयूच्या सॉफ्ट-आयआरक्यूमध्ये रांगेत. होस्टवर व्ही-होस्टचे (होस्टच्या कर्नलमधला पॅकेटं पोचवणारा भाग) आठ थ्रेड मजेत समांतर चाललेत, प्रत्येक क्यूचा इव्हेंटएफडी (गेस्टला हाक पोचवायची वाट) वेगळा आहे, पण त्या सगळ्यांचा रोख एका व्हेक्टरकडे. समांतर कामाचा सगळा खटाटोप गेस्टच्या उंबरठ्यावर येऊन संपतो.

तापणारा सीपीयू बरेचदा शेवटचा, म्हणजे तुमच्याकडे ७ क्रमांकाचा का असतो, याचंही कारण आहे. व्हर्टआयओ-नेट सुरू होताना प्रत्येक जोडीला सीपीयू वाटून देतो: जोडी ० ला सीपीयू ०, जोडी १ ला सीपीयू १, असं. व्हेक्टर सामाईक असेल तर प्रत्येक वेळी त्याच एका व्हेक्टरची अ‍ॅफिनिटी पुन्हा लिहिली जाते आणि शेवटी लिहिलेली टिकते. इर्कबॅलन्स (इंटरप्ट सीपीयूंमध्ये आपोआप हलवणारी सेवा) मधे पडला नाही तर व्हेक्टर शेवटच्या सीपीयूवर जाऊन बसतो. तुम्ही अ‍ॅफिनिटी बदललीत आणि नुसता तापणारा सीपीयू बदलला, त्याचं कारण हेच. वाटायला मुळात एकच इंटरप्ट होता.

तर स्क्रिप्टमध्ये डिव्हाइसच्या ओळीत व्हेक्टर १८ करा, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. गेस्टच्या आतून रीबूट केलं तर क्यूएमूची तीच प्रोसेस चालू राहते आणि नवा आकडा लागू होत नाही. नंतर नावं पुन्हा वाचा. इनपुट-आउटपुटच्या सोळा ओळी दिसल्या की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं वाटणीचं. इथे व्हर्टआयओची एक गोष्ट भौतिक कार्डांची सवय असलेल्यांना चकवते. साध्या कार्डात येणारं पॅकेट कोणत्या क्यूत जाणार हे हॅश आणि आरएसएसचं (कार्डानेच पॅकेटं क्यूंमध्ये वाटण्याची पद्धत) टेबल ठरवतं. व्हर्टआयओ-नेटच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये आरएसएस २०२२ मध्ये, ५.१८ ला आलं, आणि ते होस्टनेही देऊ केलेलं असावं लागतं. ते नसेल तर होस्टवरचा टॅप दुसरीच युक्ती वापरतो: गेस्टने एखाद्या फ्लोचं (एका जोडणीचा पॅकेटप्रवाह) पॅकेट ज्या टीएक्स क्यूतून पाठवलं, त्या क्यूचा क्रमांक तो लक्षात ठेवतो आणि त्या फ्लोचं उत्तर त्याच क्रमांकाच्या आरएक्स क्यूत टाकतो. म्हणजे येणारं पॅकेट कुठे उतरणार, हे तुम्ही जाणारं पॅकेट कुठून सोडलं त्यावर ठरतं. जाणारी क्यू एक्सपीएस (टीएक्स क्यू निवडण्याची कर्नलची सोय) निवडतं, पाठवणारा थ्रेड ज्या सीपीयूवर आहे त्यावरून. ड्रायव्हर अ‍ॅफिनिटी लावताना एक्सपीएसचा नकाशाही त्याच सीपीयूंवर लावतो. हे सगळं जुळलेलं असलं की अ‍ॅप्लिकेशनचा थ्रेड, टीएक्स क्यू, आरएक्स क्यू आणि दोघांचे इंटरप्ट एकाच सीपीयूवर नांदतात, कॅश गरम राहते. तुम्ही इंटरप्टची अ‍ॅफिनिटी हाताने फिरवली आणि एक्सपीएस तसंच ठेवलं, तर सीपीयू ३ वरून गेलेल्या पॅकेटचं उत्तर सीपीयू ६ वर उतरणार आणि मग दोघांत ओढाताण. एकाला हात लावलात तर दुसऱ्यालाही लावा.

याच कारणाने एका टीसीपी जोडणीची चाचणी घेऊन 'आठ क्यूंचा काही फायदा नाही' म्हणण्यात अर्थ नाही. एक फ्लो एका वेळी एकाच क्यूत असतो. आयपर्फला (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) समांतर जोडण्या द्या, मग बोला.

कर्नल जुना असेल तर आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. २०१६ च्या अखेरीपर्यंतचा ड्रायव्हर सुरुवातीला एकच जोडी चालू करायचा, बाकीच्या ईथटूलच्या मोठ्या 'एल'ने चालू कराव्या लागत (छोटा 'एल' फक्त दाखवतो, मोठा बदलतो). आणि २०१८ पर्यंत, म्हणजे ४.१९ च्या आधी, ड्रायव्हर आपोआप अ‍ॅफिनिटी लावायचा ती जोड्यांची संख्या सीपीयूंच्या संख्येइतकी असेल तरच. ८ सीपीयू आणि ४ जोड्या असतील तर तो हात झटकून मोकळा. नवे कर्नल अशा वेळी प्रत्येक जोडीला दोन-दोन सीपीयूंचा गट देतात. पण गट दिला म्हणजे इंटरप्ट दोघांत वाटला जातो असं नाही. एक्स८६ वर एका वेळी त्यातला एकच सीपीयू खरा लक्ष्य असतो. तो कोणता हे /प्रॉक/आयआरक्यू मध्ये त्या क्रमांकाच्या फोल्डरमधल्या 'इफेक्टिव्ह अ‍ॅफिनिटी लिस्ट'मध्ये दिसतं. आरएक्स आणि टीएक्सला एकच गट असूनही त्यांचे खरे सीपीयू वेगळे निघू शकतात. म्हणून परवडत असेल तर जोड्या आणि व्हीसीपीयू सारखे ठेवा, हा प्रश्नच उरत नाही.

इर्कबॅलन्सबद्दल माझं मत सरळ आहे: अशा मशीनवर या कार्डापुरता तो नको. मूळ सेटिंगमध्ये तो ड्रायव्हरने दिलेला सल्ला मानत नाही, स्वतःच्या मोजमापावर इंटरप्ट हलवतो. शिवाय व्हर्च्युअल मशीनमध्ये इंटरप्ट हलवणं फुकट नसतं. अ‍ॅफिनिटी बदलणं म्हणजे एमएसआय-एक्सच्या टेबलातली नोंद पुन्हा लिहिणं, ते लिहिताना गेस्ट थांबून होस्टकडे जातो आणि क्यूएमू केव्हीएममधला मार्ग नव्याने लावतो. या इंटरप्टना त्याच्या बंदी-यादीत टाका, नाहीतर सेवाच बंद करा.

हाताने लावलेली अ‍ॅफिनिटी कधी उडते तेही माहीत असू द्या. ईथटूलने जोड्यांची संख्या बदलली की ड्रायव्हर स्वतःची वाटणी पुन्हा लावतो. चालू मशीनला सीपीयू जोडला किंवा काढला तरी तेच. स्क्रिप्टमध्ये क्रम आधी संख्या, मग अ‍ॅफिनिटी असाच हवा.

'मग ६४ क्यू देऊन ठेवू, लागतील तेवढ्या वापरू' हा विचारही महागात पडतो. ईथटूलने जोड्या ४ वर आणल्या तरी व्हेक्टर सुटत नाहीत. ते कार्ड सुरू होतानाच कमाल संख्येइतके घेतलेले असतात. एक्स८६ च्या प्रत्येक सीपीयूला २५६ व्हेक्टर, त्यातले पहिले ३२ एक्सेप्शनना, काही कर्नलच्या स्वतःच्या कामाला. डिव्हाइसना साधारण २०० उरतात. ४ व्हीसीपीयूंच्या मशीनमध्ये ते झाले ८०० च्या आसपास. आता ६४ जोड्यांची सहा कार्डं लावा: एकेकाला १२९, सहांना ७७४. त्यात डिस्क आणि इतर किरकोळ मंडळी. शेवटच्या कार्डाला पूर्ण संच मिळाला नाही की ते सामाईक व्हेक्टरवर घसरतं. कोणतं कार्ड शेवटचं ठरणार हे बूट होतानाच्या क्रमावर. पाच कार्डं सुसाट आणि सहावं रडतंय, असं दिसलं तर केबल आणि स्विच तपासण्याआधी इथे बघा.

आता दुसरा प्रश्न, वेगळे की जोडीला एक. व्हर्टआयओने वेगळे निवडले. व्हीएमवेअरच्या व्हीएमएक्सनेट३ मध्ये तीन पद्धती लिहिलेल्या आहेत: जोडीला मिळून एक, सगळ्या टीएक्सना मिळून एक, किंवा कोणाचाच सामाईक नाही. त्यातली पहिली तिथे मूळ आहे. ८ जोड्यांना ८ आणि घडामोडी कळवायला १, एकूण ९. अ‍ॅमेझॉनचं ईएनए कार्डही जोडीला एकच देतं, व्यवस्थापनाला एक वेगळा. गूगलचं जीव्हीनिक मात्र व्हर्टआयओसारखं दोघांना वेगळे देतं.

मी लिहायला बसलो तर जोडीला एकच देईन. टीएक्सच्या इंटरप्टला तातडी नसते; पाठवलेल्या पॅकेटची मेमरी सोडवणं एवढंच त्याचं काम, ते थोडं उशिरा झालं तरी बिघडत नाही. व्हर्टआयओ-नेट तर बरीच वर्षं टीएक्सच्या इंटरप्टशिवायच चालला. पुढचं पॅकेट पाठवताना मागची साफसफाई करायची, अशी रीत होती. त्यात पॅकेट सॉकेटपासून आधीच तोडून द्यावं लागे आणि टीसीपीला रांग किती साठली आहे याचा अंदाज येत नसे, म्हणून २०१७ मध्ये टीएक्सलाही नॅपी आलं आणि २०१९ मध्ये, ५.३ पासून, ते आपोआप चालू राहू लागलं. पण त्यातही आरएक्सचं पोलिंग चालू असताना ड्रायव्हर त्याच जोडीची टीएक्स क्यू साफ करून घेतो. टीसीपीमध्ये पाठवलेल्याची पावती येतच असते, म्हणजे आरएक्सचा इंटरप्ट येणारच असतो. आणि ड्रायव्हरने अ‍ॅफिनिटी लावलेली नसेल तर टीएक्सचं नॅपी तो चालूच करत नाही, कारण भलत्या सीपीयूवरून साफसफाई केली तर कॅशचं नुकसान होतं. इतकं सगळं दोघांना एकत्र ठेवायच्या बाजूने बोलत असताना दोन व्हेक्टर खर्चायचं कारण मला दिसत नाही. फक्त पाठवणारं, उत्तर क्वचित घेणारं मशीन असेल, युडीपीवर व्हिडिओ सोडणारं वगैरे, तर वेगळ्या इंटरप्टची बाजू थोडी वजनदार होते.

याहून महत्त्वाचा निर्णय वेगळाच आहे: व्हेक्टर कमी पडले तर काय सोडायचं? व्हर्टआयओ क्यू धरून ठेवतो आणि व्हेक्टर सामाईक करतो. व्हीएमएक्सनेट३ पूर्ण संच मिळाला नाही तर आरएक्स क्यू १ वर आणतो आणि लॉगमध्ये तसं लिहितो. ईएनए मिळालेल्या व्हेक्टरमध्ये मावतील तितक्याच क्यू उघडतं. मला ईएनएची रीत सर्वात पटते. १७ ऐवजी ९ मिळाले तर ४ जोड्या उघडून नीट चालवता येतात, आणि ईथटूल ४ दाखवतं तेव्हा बघणाऱ्याला लगेच खटकतं. तुमचे आठ दाखवणारे ईथटूल तुम्हाला चुकीच्या दिशेला घेऊन गेले, ते या निवडीमुळेच.

प्रत्यक्ष लिहिताना एक बारीक गोष्ट सांभाळा. क्यूच्या रजिस्टरमध्ये व्हेक्टरचा क्रमांक लिहिल्यावर तो लगेच परत वाचून घ्या. डिव्हाइसला तो व्हेक्टर देता आला नसेल तर सोळाही बिट १ असलेली किंमत परत येते, म्हणजे 'या क्यूला व्हेक्टर नाही'. कर्नलने तुम्हाला व्हेक्टर दिले म्हणजे डिव्हाइसनेही मान्य केले असं होत नाही. ही वाचणी टाळली तर क्यू तयार दिसते आणि तिचा इंटरप्ट कधीच येत नाही.

त्याच मशीनवर व्हर्टआयओ-ब्लॉक डिस्क असेल आणि तिच्या इंटरप्टची अ‍ॅफिनिटी बदलताना इनपुट-आउटपुट एरर आली तर गोंधळू नका. तिचे इंटरप्ट कर्नल स्वतः सांभाळतो, बाहेरून बदलू देत नाही. नेटच्या कार्डाला ती पद्धत लावलेली नाही, म्हणून तिथे तुमचा हात चालतो.

आणि होस्ट तुमच्या ताब्यात नसेल, भाड्याचं मशीन असेल आणि व्हेक्टर ३ च मिळत असतील, तर गेस्टमध्ये आरपीएस (आलेल्या पॅकेटांचं पुढचं काम इतर सीपीयूंना वाटण्याची कर्नलची सोय) लावा: प्रत्येक आरएक्स क्यूच्या आरपीएस-सीपीयूज फाइलमध्ये व्हेक्टर बसला आहे तो सीपीयू सोडून बाकीच्यांचा मास्क लिहायचा. इंटरप्ट आणि रिंग उपसण्याचं काम त्या एका सीपीयूवरच राहील, पण आयपी आणि टीसीपीचं जड काम पुढे इतरांकडे जाईल. सीपीयूंमध्ये एकमेकांना हाक मारण्याचा खर्च त्यात आहे, त्यामुळे आठपट काही मिळणार नाही. लहान पॅकेटांच्या भारात तो सीपीयू तरीही आधी भरेल. मोठ्या पॅकेटांत, जीआरओ (आलेली पॅकेटं जोडून एक मोठं करण्याची सोय) चालू असताना, फरक चांगला जाणवतो.